पाडवा ते जून: पावणेचार वर्षांच्या मुलाची शाळेची तयारी

कोल्हापुरात शाळेचा प्रवेश पाडव्याला घ्यायची रीत अजून टिकून आहे. महापालिकेच्या शाळाही त्या दिवशी ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ म्हणत नावं नोंदवून घेतात. शाळा भरते जूनच्या मध्यावर. मधले अडीच महिने बऱ्याच घरांत एबीसीडी, एक ते पन्नास आणि नवं दप्तर यांत जातात. आमच्या घरी ते दुसऱ्याच कामाला लावले.

मुलगा ऑक्टोबरचा. राज्यात प्रवेशासाठी 31 डिसेंबरला पूर्ण झालेलं वय धरतात: नर्सरीला 3, ज्युनिअरला 4, सीनिअरला 5, पहिलीला 6. त्यामुळं ज्युनिअरला बसणारं ऑक्टोबरचं मूल जूनमध्ये जेमतेम पावणेचार वर्षांचं असतं आणि शेजारचं जानेवारीचं मूल जवळजवळ साडेचारचं. या वयात आठ-नऊ महिन्यांचा फरक फार मोठा. तो बोलण्यात दिसतो, बोटांत दिसतो आणि सगळ्यांत जास्त राग आवरण्यात दिसतो. ही अट किमान वयाची आहे, वर्षभर थांबायला काहीच हरकत नसते, हे वर्षअखेरीच्या मुलांच्या पालकांनी लक्षात ठेवलेलं बरं.

पहिल्या महिन्यात वर्गात मुलाला काय जमायला लागतं? आई-बाबा गेल्यावर थोड्या वेळात शांत होणं, शू लागली हे सांगणं, डबा उघडून खाणं, ‘थांब’ म्हटल्यावर थांबणं, आणि राग आला तरी त्यातून परत बाहेर येणं. अक्षरं यात नाहीत. 2022 च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंही 3 ते 8 वयाचं शिकणं खेळावरच उभं केलंय. यातल्या बऱ्याचशा गोष्टी मुलाला शिकवण्याआधी घरातल्या मोठ्यांनी आपापसांत ठरवाव्या लागतात. खरा वेळ तिथं जातो.

सुरुवात वहीनं करायची. पहिला आठवडा काहीच बदलायचं नाही, फक्त लिहायचं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या चौकटीत तीन गोष्टी: किती वाजता भडकला, त्याच्या आधी काय चाललं होतं, नंतर आपण काय केलं. ‘हट्टी आहे’, ‘मुद्दाम करतो’ असलं काही लिहायचं नाही, त्यावरून पुढं काही करताच येत नाही. ‘सव्वासात, मोबाईल काढून घेतला, आज्जीनं परत दिला’ एवढं पुरतं. आठवड्यानं त्या चौकटी एकत्र वाचल्या की वेळा दिसायला लागतात. आमच्याकडं त्या चार जागी गोळा झाल्या: दुपारच्या जेवणाआधी, मोबाईल बंद होताना, घराबाहेर पडताना आणि संध्याकाळी सातनंतर. म्हणजे भूक, झोप आणि हातातलं सोडून दुसरीकडं वळणं. भूक आणि झोप ही शिस्तीची कामं नव्हेतच. साडेअकराला गूळ-तूप लावलेली अर्धी चपाती किंवा केळं दिलं आणि जेवण साडेबारावर आणलं की दुपारचा भडका बराचसा निघून जातो.

‘ऐकतच नाही’ ही तक्रार असेल तर आधी कान बघून घ्यायचे. सर्दीनंतर पडद्यामागं पाणी साठून राहिलं की ऐकू कमी येतं, पण बऱ्याचदा दुखत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. घरी बघायचं तर टीव्ही बंद करून, मूल खेळात असताना पाठीमागून हळू आवाजात त्याच्या आवडीच्या खाऊचं नाव घ्यायचं. एखाद्या वेळी वळलं नाही तर ठीक. नेहमीच वळत नसेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचं. शाळेआधी डोळेही एकदा तपासून घ्यावेत. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्यात दोन्ही विभाग आहेत. मूल अंगणवाडीत जात असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्या दिवशी खाडा करू नये.

झोपेचं गणित उलटं मांडायचं. 3 ते 5 वयाला चोवीस तासांत 10 ते 13 तास झोप लागते, दुपारची धरून. 2024-25 पासून पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत असा शासनाचा निर्णय आहे, त्यानं सकाळ जरा सैल झाली. तरी रिक्षावाले मामा सव्वाआठला दारात असतात, म्हणजे सातला उठणं आलं आणि रात्री नऊला झोपणं आलं. मे महिन्यात रात्री दहाला रंकाळ्यावर भेळ खाणारं मूल एकदम नऊला झोपत नाही, आणि झोपवायला गेलं की नवीन भांडण सुरू. झोपायची वेळ ओढायच्या ऐवजी उठायची वेळ सरकवायची: दर तीन दिवसांनी 15 मिनिटं लवकर. दुपारची झोप तासाभराची, साडेतीनच्या आत संपलेली. साडेदहाची रात्र नऊवर आणायला सहा टप्पे, साधारण तीन आठवडे लागतात. त्यामुळं मेच्या तिसऱ्या आठवड्यात हे सुरू व्हायला हवं.

आता मोठ्यांचं. मुलं झोपल्यावर सगळ्यांनी बसून तीनच नियम ठरवायचे. जास्त ठरवले तर मोठ्यांच्याच ध्यानात राहत नाहीत. आमचे तीन असे: कुणीही कुणाला मारायचं नाही, मोठ्यांनीसुद्धा. रस्त्यावर हात धरायचा. जेवताना आणि झोपायच्या आधी तासभर मोबाईल नाही. बाकी कपडे कुठले घालायचे, आधी भात की आधी चपाती, खेळणी कुठं पसरायची, यात मुलाचं चालू द्यायचं. सौम्य शिस्तीत आवाज खाली येतो, नियम मात्र जागचा हलत नाही. आवाजाबरोबर नियमही खाली आला की आठवड्याभरात घरात कुणाचंच काही चालेनासं होतं, आणि मग ‘प्रेमानं सांगून बघितलं, उपयोग नाही’ म्हणून हात उगारला जातो.

एकत्र घरात नियम मोडायची सुरुवात बहुतेक वेळा मोठ्यांकडून होते, आणि तीही मायेनं. आईनं नाही म्हणायचं, आज्जीनं पदराआडून द्यायचं. मुलाला यातून नेमकं काय कळतं ते समजून घेतलं पाहिजे. जी गोष्ट कधीच मिळत नाही, तिचा नाद मूल लवकर सोडतं. जी कधीमधी मिळते, तिच्यासाठी ते सगळ्यांत जास्त वेळ रडतं, कारण आजची वेळ कदाचित मिळायची असेल. म्हणून पाच वेळा नाही म्हणून सहाव्यांदा दिलं, तर पुढचं रडणं आधीपेक्षा लांबतं.

आज्जी-आजोबांना ‘लाड करू नका’ म्हणून सांगण्यात अर्थ नाही, आणि तसं सांगूही नये. लाडाची जागा तेवढी बदलायची. ‘आई, बिस्कीट तुमच्याच हातानं द्या, पण त्याचं ताट संपल्यावर,’ एवढं बोललं की भागतं. रात्रीची गोष्ट आज्जीची, संध्याकाळचा फेरफटका आजोबांचा, हे ठरवून दिलं की त्यांचं माणूस म्हणून मुलावरचं वजनही राहतं आणि चोरून द्यायची गरज उरत नाही.

एक वाक्य मात्र घरातून पूर्ण बंद करायचं: ‘शाळेत जा, मग बाई बघतील तुझ्याकडं.’ पोलीसमामा आणि बागुलबुवाही त्याच्याबरोबर. ज्या माणसापाशी आपण जूनमध्ये रडतं मूल सोडणार, त्याचीच भीती एप्रिलमध्ये घालून ठेवायची, याला काय म्हणावं? शिवाय शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या (तो 6 ते 14 वयासाठीचा) कलम 17 नं बंदी आहे. त्याच कायद्याच्या कलम 13 नुसार शाळेला प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेता येत नाही, तेव्हा त्याहून लहान मुलाकडूनही मुलाखतीसाठी कविता पाठ करून घ्यायच्या भानगडीत पडू नये.

सांगायची पद्धत सगळ्यांनी एकच ठेवायची. स्वयंपाकघरातून हाक मारायची नाही. जवळ जायचं, उकिडवं बसायचं, खांद्यावर हात ठेवायचा, नजर मिळाली की एकच काम चार-पाच शब्दांत सांगायचं. मग मनातल्या मनात दहा अंक मोजायचे. ही दहाची शांतता मोठ्यांना सगळ्यांत जड जाते. ऐकलेलं काम सुरू करायला या वयाला तेवढा वेळ लागतो, आणि तेवढ्यात आपण दुसऱ्यांदा सांगितलं की मुलाचं पहिलं ऐकणं विस्कटतं. ‘पळू नको’पेक्षा ‘हळू चाल’ सांगावं, म्हणजे काय करायचं ते कळतं. जे करायचंच आहे ते ‘करायचं का?’ असं विचारू नये. ‘आंघोळीला जायचं का?’ विचारल्यावर ‘नाही’ आलं, तर ते त्याचं खरं उत्तर असतं. ‘आंघोळीची वेळ झाली. बादलीत बदक घ्यायचं की होडी?’ असं म्हटलं की त्याच्याकडंही काहीतरी ठरवायला राहतं.

बागेतून निघणं घ्या. महावीर गार्डन, हुतात्मा पार्क, कुठलीही बाग. पाच मिनिटं आधी जवळ जाऊन सांगायचं. पाच मिनिटं म्हणजे काय हे मुलाला कळत नाही, म्हणून वेळ झोक्यांत मोजायची: ‘अजून दहा झोके, मग चप्पल.’ मोठ्यानं दोघांनी मिळून मोजायचे. दहाव्याला झोका हातानं थांबवायचा आणि चप्पल समोर ठेवायची. तरी मुलगा जमिनीवर पडला, तर आपणही शेजारी बसायचं. उभं राहून वरून बोललं की त्याला ओरडल्यासारखंच वाटतं. बोलायचं ते एवढंच: ‘अजून खेळायचं होतं. राग आला. आता घरी जायचंय.’ नंतर गप्प. रडण्याच्या भरात समजावून सांगितलेलं काहीच आत जात नाही. राग आवरणारा मेंदूचा भाग या वयात कच्चाच असतो आणि भडक्यात तोही काम करत नाही. तो पाय झाडेल, माती उडवेल. अंगावर धावून आला तर दोन्ही मनगटं हलकी धरायची, ‘मारू देणार नाही,’ आणि शांत झाला की सोडायची. भोवती माणसं जमतात, कुणीतरी ‘देतो की आईस्क्रीम, रडतंय पोरगं’ म्हणून पुढं येतं. त्यांना हसून हात जोडायचे. रडणं उतरायला लागलं की श्वास बदलतो, हुंदके लांब पडतात. तेव्हा पाणी द्यायचं, उचलून घ्यायचं किंवा हात धरायचा आणि निघायचं. वाटेत भाषण नाही, घरी गेल्यावर बाबांकडं तक्रार नाही.

हे सुरू केल्यावर चार-पाच दिवसांत भडके कमी होण्याऐवजी वाढतात, आणि इथंच बहुतेक घरं मागं फिरतात. कारण साधं आहे. आजवर रडल्यावर मिळत होतं, आता मिळत नाही, म्हणून मुलगा आधी आणखी जोरात रडून बघतो. या टप्प्यावर दिलं, तर जोरात रडल्यावर मिळतं हेच पक्कं होतं. म्हणून ज्या आठवड्यात घरात लग्न, जोतिबाची यात्रा किंवा पाहुणे असतील, त्या आठवड्यात नवा नियम सुरूच करू नये. धरून ठेवता येईल तेव्हाच धरायचा.

रोज अनेकदा भडके, अर्ध्या तासाच्या वर चालणारे, स्वतःचं डोकं आपटणं, तीन वर्षांनंतरही छोटी वाक्यं न येणं, नावानं हाक मारल्यावर न वळणं, खोटं-खोटं खेळणं नसणं, आधी येत असलेलं बोलणं बंद होणं, यातलं काही असेल तर शिस्तीचे प्रयोग बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांकडं जायचं. थांबून बघण्यात वेळ जातो.

शिक्षेच्या जागी परिणाम ठेवायचा: लगेच, थोडा आणि त्याच गोष्टीशी जोडलेला. पाणी सांडलं तर फडक्यानं पुसायचं, आपण शेजारी. गाडी फेकली तर ती संध्याकाळपर्यंत कपाटावर. ‘भावाला मारलंस, आता रविवारी बाग बंद’ हे चालत नाही, रविवारपर्यंत मारल्याचं त्याला आठवतही नाही. रागाच्या वेळी बसायला घरात एक कोपरा ठरवला होता: खाली वाकळ, एक उशी, जुनी मासिकं. तिथं त्याच्याबरोबर कुणीतरी बसायचं, एकट्याला कोंडायचं नाही. कौतुकही नेमकं हवं. ‘शहाणं बाळ’ म्हटल्यानं काय चांगलं केलं ते कळत नाही. ‘चप्पल जागेवर ठेवलीस’ म्हटलं की दुसऱ्या दिवशी तो चप्पल ठेवून आपल्याकडं बघतो.

थांबण्याचा सराव ओरडून होत नाही, खेळून मस्त होतो. ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ त्याला उत्तम: ‘शिवाजी म्हणतो, हात वर’ म्हटलं तर करायचं, नुसतं ‘हात वर’ म्हटलं तर नाही. पावणेचारच्या मुलाला सुरुवातीला सगळंच करावंसं वाटतं, तेव्हा हळू घ्यावं आणि बाद करू नये. स्टॅच्यूही चांगला. दंगा-मस्तीला वेळ ठरवून द्यावा: संध्याकाळी वीस-पंचवीस मिनिटं गादीवर बाबांशी कुस्ती, अट एकच, कुणीही ‘थांब’ म्हटलं की दोघांनी थांबायचं. अर्धी बादली पाणी उचलणं, कुंड्यांना पाणी घालणं, झाडावर लोंबकळणं यानं खांदे आणि दंड भरतात, आणि पुढं पेन्सिल धरायला बोटांइतकेच खांदे लागतात.

पेन्सिल इतक्यात नको. चौथ्या वर्षाच्या आसपास मूल गोल आणि अधिकची खूण काढतं, चौकोन साधारण साडेचारला, त्रिकोण पाचच्या पुढंमागं. त्याआधी ‘अ’ गिरवून घेतला तर मूल मुठीत खडू धरून दाबतं आणि तीच पकड बसते. त्यापेक्षा मटार सोलणं, कणकेच्या गोळ्या, चिमटीनं रांगोळी सोडणं, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावणं. रंगखडू मोडून इंचभराचे करावेत. एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तो तीन बोटांतच धरावा लागतो.

डबा हा शाळेच्या तयारीतला सगळ्यांत दुर्लक्षित विषय. बाजारातले घट्ट झाकणाचे डबे मोठ्यांनाही जोर लावून उघडावे लागतात. वर्गात वीस-पंचवीस मुलं असतात, बाई किती झाकणं उघडणार? म्हणून डबा घ्यायला जाताना मुलगा बरोबर हवा, आणि दुकानातच त्याच्याकडून तीनदा उघडून घ्यावा. मेपासून घरचं एक खाणं त्याच डब्यातून, जमिनीवर बसून, पंधरा-वीस मिनिटांत. चपातीचे चार तुकडे करून भाजी आत गुंडाळलेली, म्हणजे सांडत नाही. पातळ काही नको. बाटली एका हातानं उघडणारी असावी.

चड्डी बटण-हुकची नको, इलॅस्टिकची हवी. गणवेशात हुकच असेल तर टाके घालून आत इलॅस्टिक भरून घ्यावं. घरी कमोड असेल तर भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसायचाही सराव हवा. तो नसला की मुलं शाळेत शी दाबून धरतात, बद्धकोष्ठता होते, आणि मग घरीही रडारड. कुठलंही काम शिकवताना शेवटची पायरी आधी मुलाला द्यायची. चड्डी गुडघ्यापर्यंत आपण चढवायची, वर त्यानं ओढायची. चेन अर्ध्यापर्यंत आपण, पुढं तो. काम पूर्ण झाल्याचा आनंद त्याच्या वाट्याला येतो, मग हळूहळू मागची पायरीही सोडत जायची. आणि रेनकोट. जुलैतला कोल्हापूरचा पाऊस दिवसचे दिवस उघडत नाही. रेनकोट घालणं, टोपी ओढणं, ओला रेनकोट काढून खुंटीला अडकवणं, हे मे महिन्यात न्हाणीघरात मग्यानं पाणी ओतून शिकवलं तर मुलं पुन्हा-पुन्हा मागतात.

आता सोडून येण्याचं. मेपासून मामाकडं, मावशीकडं अर्धा तास, मग दोन तास, असं आईशिवाय राहायची सवय करायची. जाताना सांगून जायचं. गुपचूप सटकलं की त्या वेळेपुरतं रडं टळतं, पण नंतर मूल आईला नजरेआड होऊ देत नाही. निरोपाची एक पद्धत बसवायची: पापा, टाळी, ‘डबा खाऊन झाला की मी येते.’ साडेबारा त्याला कळत नाही, डबा कळतो. शाळेच्या दारात हेच तीन, मिनिटभराच्या आत, आणि मागं वळायचं नाही. बहुतेक मुलं आई दिसेनाशी झाल्यावर काही मिनिटांत थांबतात. खात्रीसाठी बाईंना नंतर विचारावं. पहिल्या दिवशी बाईंकडं अर्धं पान लिहून द्यावं: शू लागल्यावर कोणता शब्द वापरतो, घरात काय म्हणून हाक मारतात, रडला की कशानं शांत होतो, काय खाल्लं की त्रास होतो.

26 जूनला शाहू जयंती येते, तोवर पहिला दीड आठवडा झालेला असतो आणि नव्याची नवलाई ओसरलेली असते. कोल्हापूर संस्थानात महाराजांनी 1917 मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना महिना 1 रुपया दंड ठेवला होता. जबाबदारी पालकांवर टाकली होती. पहिले चार दिवस हसत गेलेली मुलं याच सुमाराला रडायला लागतात, कारण हे रोजचंच आहे हे आता कळलेलं असतं. सोमवारी जास्त. त्यात नवीन काही शोधायचं नाही, पहिल्या दिवसाचीच पद्धत चालू ठेवायची.

शाळेतून आल्यावरचा तास सगळ्यांत नाजूक. तीन-चार तास बाईंचं ऐकून, राग गिळून आलेलं मूल घरात पाऊल टाकताच चपलेवरून भडकतं. शाळेत चांगलं वागतो आणि घरी असा का, असं वाटतं. तो तिथं आवरून धरतो, म्हणूनच इथं सुटतो. आल्याआल्या ‘काय शिकवलं, कोण मारलं का’ असं विचारायचं नाही. हातपाय, खाणं, वाकळीवर थोडं लोळणं. बोलायचं असेल ते रात्री गोष्टीच्या वेळी आपोआप निघतं. जुलैत सर्दी-तापाची सुट्टी झाली की सगळं थोडं मागं जातं, तेव्हा दोन-तीन दिवस निरोपाचा तोच क्रम, झोप अर्धा तास आधी, आणि डब्यात ओळखीचं खाणं.